एकच पदार्थ, आदल्या रात्रीची तयारी आणि तीन मदतनीस

प्रश्न

सप्रेम नमस्कार. दर मोठ्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावाची तिन्ही मुले चार-पाच दिवस माझ्याकडे राहायला येतात. थोरला 11 वर्षांचा, मधली 7 वर्षांची आणि धाकटा 4 वर्षांचा आहे. सणाच्या सकाळी त्यांना काहीतरी खास खायला मिळावे म्हणून गेल्या वेळी मी पाच पदार्थांचा घाट घातला. मुलांना मदत करायची होती, मला मात्र वेळेत आटपायचे होते. धाकट्याच्या हातून दुधाचे भांडे लवंडले, मी त्याच्यावर ओरडले आणि तो न्याहारी होईपर्यंत पडद्यामागे लपून बसला. आम्ही खायला बसलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि निम्मे पदार्थ तसेच उरले. मधलीला अंड्याची ॲलर्जी असल्याने तिच्यासाठी दर वेळी वेगळे काहीतरी करावे लागते. माझे स्वयंपाकघर लहान आहे आणि घरी ओव्हन नाही. या वेळी मुलांसाठी आणि मुलांना सोबत घेऊन काय करता येईल?
– एक आत्या

उत्तर

तुमचे पत्र वाचताना माझे मन त्या पडद्यामागे बसलेल्या मुलापाशीच अडकून राहिले, आणि तुम्हीही हे पत्र त्याच्यासाठीच लिहिले असावे असे मला वाटते, कारण उरलेल्या पदार्थांची रुखरुख कोणाला इतके दिवस पुरत नाही. झाले ते असे की, मुलांच्या आनंदासाठी तुम्ही जो बेत आखला, त्या बेतात मुलांनाच जागा उरली नव्हती. पाच पदार्थ एकटीने वेळेत करायचे म्हटले की ओट्याजवळ येणारे प्रत्येक मूल अडथळा वाटू लागते, आणि त्यासाठी स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसण्याचे काही कारण नाही. या वेळी एकच पदार्थ करा. तो असा निवडा की चौघांच्याही ताटलीत तोच येईल. त्याची निम्मी तयारी आदल्या रात्री मुलांच्याच हातून होऊ द्या. आणि सकाळी प्रत्येकाला असे एक काम द्या की ते झाल्याशिवाय न्याहारी पुढे सरकणारच नाही.

माझी सूचना बिनअंड्याच्या केळ्याच्या पॅनकेकची आहे. त्यांना तवा, एक मोठे भांडे आणि एक काटा एवढेच साहित्य लागते, आणि अंडे जे पीठ बांधून ठेवण्याचे काम करते ते येथे कुस्करलेले केळे बऱ्याच अंशी करते. आतापर्यंत मधलीसाठी वेगळा पदार्थ होत आला आहे, हे तुम्ही ओघात लिहिले असले तरी मला ते महत्त्वाचे वाटते. सात वर्षांच्या मुलीला आपली ताटली सर्वांपेक्षा निराळी आहे हे दर सणाला दिसत असते. शिवाय लहान ओट्यावर अंड्याचे आणि बिनअंड्याचे असे दोन प्रकार शेजारी शेजारी करताना तोच चमचा, तेच उलथणे, तोच तवा वापरला जाण्याचा धोका खरोखरच असतो. त्या चार-पाच दिवसांत घरात अंडेच न आणणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. भाजलेल्या पदार्थातले अंडे काही मुलांना चालते हे खरे, पण आपल्या भाचीला ते चालते की नाही याची परीक्षा तुमच्या घरी, सणाच्या दिवशी होता कामा नये; तो निर्णय तिच्या डॉक्टरांचा आहे. मुले येण्यापूर्वी भावाला आणि वहिनीला फोन करून तिला त्रास कसा होतो, कोणते औषध सोबत येणार आहे आणि ते केव्हा द्यायचे हे नीट लिहून घ्या, आणि विकतच्या पाव, बिस्किटे, केक यांच्या वेष्टणावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते तिच्यापुढे ठेवू नका.

आता प्रमाण सांगते. तळहाताएवढे साधारण 12 पॅनकेक करायचे असतील तर दीड कप मैदा घ्या. येथे कप म्हणजे 240 मिलिलिटरचा, त्यामुळे मैदा वजनाने सुमारे 190 ग्रॅम भरेल. निम्मा मैदा आणि निम्मे गव्हाचे पीठ घेतले तरी चालते, फक्त गव्हाचे पीठ जास्त दूध पिते, म्हणून दोन मोठे चमचे दूध वाढवावे लागते. त्यात 3 छोटे चमचे बेकिंग पावडर, 1 मोठा चमचा साखर आणि पाव छोटा चमचा मीठ. हे झाले कोरडे साहित्य. ओल्यात सव्वा कप दूध, 2 मोठे चमचे वितळवलेले लोणी आणि सालीवर काळे ठिपके आलेले एक मोठे, पिकलेले केळे. चमचे सपाट भरलेले धरा. छोटा 5 मिलिलिटरचा आणि मोठा 15 मिलिलिटरचा.

कोरडे साहित्य आदल्या रात्री मोजून, चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवता येते, आणि हे काम पूर्णपणे मधलीकडे सोपवा. मोजणे, कपावर आलेला पिठाचा डोंगर सुरीच्या पाठीने सपाट करणे, चाळणीच्या कडेवर टिचक्या मारत पीठ खाली पाडणे ही सात वर्षांच्या हातांना अगदी जमणारी कामे आहेत, आणि ती करताना पाव, अर्धा, दीड हे शब्द वहीतून उतरून बोटांत येतात. पिठात दूध मात्र रात्री घालू नका. बेकिंग पावडर ओली होताच वायू सोडायला लागते आणि उरलेला वायू तव्यावरच्या उष्णतेने सुटतो. रात्रीच कालवून ठेवलेल्या पिठातला बराचसा वायू सकाळपर्यंत निघून गेलेला असतो आणि पॅनकेक चपटे होतात. पावडर जुनी आहे अशी शंका असेल तर थोरल्याला एक प्रयोग करू द्या: पाव कप गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा पावडर टाकायची. जोरात फसफसली तर चांगली, नाहीतर नवी आणायची. गरम पाणी कपात तुम्हीच ओता.

रात्रीच ताटल्या, काटे, पेले मांडून ठेवा आणि प्रत्येकाच्या जागेवर नावाची एक चिठ्ठी ठेवू द्या. धाकट्याला अक्षरे येत नसतील तर तो चिठ्ठीवर चित्र काढेल आणि ते चित्र कोणाचे आहे हे सर्वांना सांगेल. मुलांच्या दृष्टीने सण तेथूनच सुरू होतो, कारण उद्या काहीतरी होणार आहे हे त्यांना झोपण्यापूर्वीच दिसलेले असते.

सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, तर मुलांच्या पोटात थोडेसे काहीतरी घालायचे. निम्मे केळे, अर्धा पेला दूध, एखादे बिस्किट, एवढेच. खास न्याहारी उशिरा होते, आणि रात्रभर उपाशी असलेले चार वर्षांचे मूल दीड तास वाट पाहू शकत नाही. सणाच्या सकाळची पुष्कळशी रडारड साध्या भुकेची असते. भूक मरेल याची काळजी करू नका. तव्यावर लोणी चुरचुरले की ती परत येते.

यानंतर धाकट्याचे काम. केळे कुस्करणे हे त्याचे आणि फक्त त्याचे. खोल वाटी देऊ नका, कारण तिच्यात काटा उभा धरावा लागतो आणि मनगट थकते. पसरट, कड असलेली ताटली द्या आणि ती घसरू नये म्हणून खाली ओला रुमाल अंथरा. केळ्याच्या जाड चकत्या आधी त्यालाच बोथट सुरीने करू द्या. मग काट्याची पाठ चकतीवर ठेवून दाबायची. सुरुवातीला चकती निसटून ताटलीच्या कडेला जाते, तो ती बोटाने परत ओढून आणतो, पुन्हा दाबतो, आणि काट्याच्या दातांमधून केळ्याच्या चार बारीक वळ्या वर येतात. त्या वर येताना पाहिल्या की मूल थांबते आणि तुमच्याकडे बघते. हा क्षण चुकवू नका.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना मी नेमकी येथे चुकले होते. पाहुणे यायचे होते, ती सावकाश दाबत होती, आणि मी तिच्या हातातला काटा घेऊन अर्ध्या मिनिटात सगळे कुस्करून टाकले. ती काही बोलली नाही. पण नंतर पॅनकेक ताटलीत आले तेव्हा मला भूक नाही असे म्हणून उठून गेली. त्या दिवसापासून, मुलाला दिलेले काम परत घ्यायचे नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. केळ्यात चार गाठी राहिल्या तर राहू द्या. भाजल्यावर त्या गोड लागतात.

कुस्करलेल्या केळ्यात दूध आणि कोमट झालेले लोणी मिसळा, बरणीतले कोरडे साहित्य मोठ्या भांड्यात ओता, मध्ये खळगा करा आणि ओले मिश्रण त्यात सोडा. आता ढवळण्याची पाळी तिघांची, पण मोजून. प्रत्येकाने सात वेळा, म्हणजे एकूण 21 वेढे, आणि मग चमचा बाजूला. धाकट्याला मोजता येत नसेल तर इतर दोघे मोठ्याने मोजतील. ही मर्यादा केवळ भांडण टाळण्यासाठी नाही. ओल्या पिठाला जितके घोटावे तितका त्यातला चिवटपणा वाढतो आणि पॅनकेक रबरासारखे होतात. गुठळ्या दिसत असतानाच थांबायचे असते. पीठ चमच्यावरून जाडसर धारेने पडले पाहिजे; फार घट्ट वाटले तर एखादा चमचा दूध घाला. दहा मिनिटे ते तसेच राहू द्या. तेवढ्या वेळात पीठ दूध शोषून घेते आणि बऱ्याचशा गुठळ्या आपोआप विरतात.

कालवलेले पीठ चाटण्याचा मोह तिघांनाही होईल, आणि येथे मात्र ठाम राहा. अंडे नसल्यामुळे ते निर्धोक आहे असा समज सर्रास आढळतो, पण कच्च्या पिठावर जंतुनाशक प्रक्रिया झालेली नसते आणि त्यातून पोट बिघडवणारे जिवाणू जाऊ शकतात. पीठ हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि चाटायला केळ्याची वेगळी काढलेली ताटली द्यायची, म्हणजे नाही म्हणतानाच काहीतरी हातात ठेवता येते.

तव्याचे काम थोरल्याचे. अकरा वर्षांचा मुलगा शेजारी मोठे माणूस उभे असताना हे नीट करू शकतो, आणि इतर दोघांपेक्षा आपल्याला जास्त विश्वासाचे काम मिळाले हे त्याला कळेल. सैल बाह्या वर दुमडायच्या, तव्याची किंवा पॅनची मूठ ओट्याच्या आतल्या बाजूला वळवायची, आणि धाकट्या दोघांची हद्द ओट्यापासून दोन पावलांवर ठरवून द्यायची. जमिनीवर एक दोरी आडवी टाकली तर ती हद्द त्यांना दिसते. आच मध्यमपेक्षा किंचित कमी ठेवा. केळ्यातल्या साखरेमुळे हे पॅनकेक बाहेरून लवकर काळपट होतात आणि आत कच्चे राहतात, म्हणून घाई करून चालत नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो तव्यावर नाचत विरला की तवा तयार. लोण्याचा हात फिरवायचा, पाव कपापेक्षा थोडे कमी पीठ एका जागी ओतायचे आणि ते पसरवत बसायचे नाही.

यानंतर वाट पाहायची. वर बुडबुडे येतात, फुटतात, आणि फुटलेल्या जागी छिद्रे तशीच राहू लागतात. म्हणजे जाळी पडली. कडेची चकाकी जाऊन कड कोरडी दिसू लागली की उलथणे खाली सरकवायचे आणि एकदाच, मनगटाने, हवेत न उडवता उलटायचे. दुसऱ्या बाजूला निम्म्याहून कमी वेळ लागतो. पॅनकेक उलथण्याने दाबू नका. आतली हवा जाते. पहिला बहुधा ठिगळासारखा डागाळलेला निघतो, कारण तव्यावर तूप-लोणी अजून सारखे बसलेले नसते आणि उष्णताही सगळीकडे सारखी झालेली नसते. थोरल्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्याच पॅनकेकला हिरमुसेल. त्या पहिल्याचे तीन तुकडे करून तिघांनी तेथेच उभ्याने खावेत.

सणाचा थाट कशात आणायचा, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. त्यासाठी पदार्थ वाढवण्याची गरज नाही. पॅनकेकवर प्रत्येकाच्या नावाचे पहिले अक्षर काढा. थोडे पीठ टोकदार नळीच्या स्वच्छ बाटलीत भरायचे, तव्यावर बारीक धारेने अक्षर लिहायचे, ते मिनिटभर भाजू द्यायचे आणि मग त्याच्यावरच नेहमीसारखे पीठ ओतायचे. अक्षर आधी भाजले गेल्यामुळे उलटल्यावर ते गडद तपकिरी उमटते. अडचण एकच, की ते आरशातल्यासारखे उलटे लिहावे लागते. रात्री मधलीला पातळ कागदावर सर्वांची अक्षरे जाड पेनाने लिहू द्या. कागद पालथा करून उजेडासमोर धरला की उलटे अक्षर दिसते, ते तिने गिरवून ठेवायचे आणि सकाळी थोरल्याने ओट्याजवळ टाचलेल्या त्या कागदाकडे पाहत धार सोडायची. या कामात दोघांना एकमेकांची गरज पडते, आणि भावंडांना एकत्र गुंतवायला मला यासारखी दुसरी युक्ती सापडलेली नाही. तुमचेही अक्षर काढायला सांगा.

ओव्हन नसल्यामुळे सगळे पॅनकेक गरम ठेवता येणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नका. ताटलीत एकावर एक रचले तर वाफ धरून खालचे ओलसर होतात. तारेच्या जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर सुटे ठेवून वर सुती कापड टाकले तर दहा मिनिटे चांगले राहतात. त्यापेक्षा दोन-दोन भाजून होतील तसे खायला बसा.

सोबत फळे पुरेत. धुण्याचे आणि ताटात मांडण्याचे काम धाकट्या दोघांना द्या, पण धाकट्यासाठी द्राक्षांचे उभे चार तुकडे तुम्ही स्वतः करा, कारण पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष अडकून श्वास कोंडू शकतो. याच कारणासाठी त्याला अख्खे काजू-बदामही देऊ नका. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस चोळला की त्या लवकर काळ्या पडत नाहीत. मध, जॅम किंवा पाक पॅनकेकवर ओतण्याऐवजी प्रत्येकाला लहानशा वाटीत चमचाभर द्या. मुलांना बुडवून खायला आवडते आणि गोड आपोआप आटोक्यात राहते. भेटीला येणाऱ्यांत वर्षाच्या आतील बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका, कारण त्या वयात त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

मुले चार-पाच दिवस असणार आहेत, तेव्हा दुसऱ्या सकाळी तुम्हाला उठून काहीच करावे लागू नये यासाठी रात्रभर भिजवलेले ओट्स सुचवते. प्रत्येकाची वेगळी बरणी: अर्धा कप ओट्स, अर्धा कप दूध, पाव कप दही, ढवळून झाकण लावून फ्रीजमध्ये. प्रत्येक जण आपल्या बरणीत आपल्याला हवी ती भर घालतो. फक्त किवी, अननस किंवा पपई रात्री घालू देऊ नका. या कच्च्या फळांतली विकरे दुधातल्या प्रथिनांचे विघटन करतात आणि सकाळपर्यंत सारे कडवट होते. ती फळे खाण्याच्या वेळी वरून घालावीत.

ज्या वाचकांच्या घरी अंड्याची अडचण नाही, त्यांना दूध-अंड्यात बुडवून तव्यावर भाजलेला पाव जमेल. आठ कापांना चार अंडी आणि एक कप दूध पुरते, आणि पाव आदल्या दिवशीचा, थोडा सुकलेला असावा, कारण ताजा पाव दूध पिऊन तुटतो.

राहता राहिले दूध. ते या वेळीही सांडेल असे धरूनच चाला. दुधाचे मोठे भांडे मुलांच्या हाती न देता लागेल तेवढे मोजलेले दूध कान असलेल्या लहान कपात घालून द्या, सगळे ओतकाम कड असलेल्या मोठ्या ताटात होऊ द्या, आणि एक ओले फडके ओट्याच्या खालच्या खिळ्याला, धाकट्याचा हात पोहोचेल अशा उंचीवर, टांगून ठेवा. आदल्या रात्रीच त्याला ते दाखवा आणि सांगा की, सांडले की हे घ्यायचे आणि पुसायचे, मी सांडले तर मीही हेच घेणार आहे. गेल्या वेळी मी ओरडायला नको होते, हेही त्याला याच वेळी, एका वाक्यात सांगा. चार वर्षांच्या मुलाला हे आठवत नसेल असे समजू नका.

पॅनकेक उरलेच तर पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभर ते चांगले राहतात. निघण्याच्या सकाळी सामानाच्या गडबडीत ते थेट तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करता येतील, आणि तोवर तव्याचे काम थोरल्याच्या सवयीचे झालेले असेल.